अल्टरनेटिव्ह बँड श्रोते शोधायला देश सोडून जातात, पण श्रोते मिळतात का?

बेसूर_पण_जोरात

मंडळी, सध्या जुन्या ऑस्ट्रेलियन बँडांचं वेड लागलंय आणि एक प्रश्न काही केल्या डोक्यातून जात नाहीये, म्हणून धागा काढतोय. ७०-८० च्या दशकात तिकडून एकामागून एक बँड लंडनला गेले. सेंट्स ब्रिस्बेनहून १९७७ ला, बर्थडे पार्टी मेलबर्नहून १९८० ला, डेड कॅन डान्स आणि गो-बिट्वीन्स १९८२ ला, ट्रिफिड्स पर्थहून १९८४ ला. न्यूझीलंडचे चिल्स त्यांच्यानंतर. सगळ्यांची तक्रार साधारण एकच, की घरी आमचं ऐकायला कोणी नाही, पबमध्ये बिअर पीत आरडाओरडा करणाऱ्या गर्दीला दणदणीत रॉक पाहिजे आणि आम्ही वाजवतो काहीतरी तिरपागडं.

आता गंमत बघा. गो-बिट्वीन्स लंडनमध्ये पाच वर्षं काढून १९८७ च्या शेवटी सिडनीला परतले, ब्रिटनच्या टॉप ४० मध्ये एकदाही नाही. ट्रिफिड्सचा फोटो जानेवारी १९८५ मध्ये एनएमई या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाच्या कव्हरवर, 'हे वर्ष ट्रिफिड्सचं' असा मथळा, आणि पुढे ते वर्ष काही त्यांचं झालं नाही. बर्थडे पार्टीला लंडन इतकं नकोसं झालं की ते १९८२ ला वेस्ट बर्लिनला पळाले आणि १९८३ ला बँडच संपला.

माझं मत असं की लंडनमध्ये श्रोते नव्हतेच, निदान या लोकांसाठी नव्हते. लंडन हा फक्त पत्ता होता. पत्रव्यवहारासाठी असतो ना तसा. श्रोते भलतीकडेच निघाले. त्यावर पुढे लिहितो, आधी तुमचं ऐकू द्या.

डेसिबल

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

कॅसेटवाला

विषय जिव्हाळ्याचा काढलात, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगून ठेवतो.

लंडनच का, याचं उत्तर संगीतात नाही, नकाशात आहे. पर्थहून ॲडलेड रस्त्याने २७०० किमी, मध्ये नलरबॉरचं सपाट मैदान, गाव नाही गावाचं नाव नाही. ट्रिफिड्स व्हॅनमध्ये सामान कोंबून हा रस्ता तुडवत सिडनी-मेलबर्नला जायचे आणि तिथे पोचल्यावर समोर किती लोक तर कधी कधी बँडपेक्षा थोडे जास्त. उलट लंडनहून मँचेस्टर सव्वातीनशे किमी. सकाळी उशिरा निघा, संध्याकाळी साउंडचेक करा, रात्री वाजवून परत. म्हणजे तेवढ्याच पेट्रोलमध्ये पाच-सहा शहरं.

दुसरं म्हणजे त्या काळात तिकडे दर आठवड्याला संगीतावरचे तीन मोठे पेपर निघायचे, एनएमई, मेलडी मेकर आणि साउंड्स, आणि तिघांनाही दर आठवड्याला पानं भरायची होती. नवा बँड ही त्यांची गरज होती हो! त्यात बीबीसी रेडिओ वन वर जॉन पील नावाचा निवेदक. रात्री उशिरा कुठलंही विचित्र सिंगल लावायचा आणि ते एकाच वेळी अख्ख्या देशात ऐकू जायचं. ऑस्ट्रेलियात असं देशभर पोचणारं काही नव्हतं, ट्रिपल जे हे रेडिओ स्टेशन सुद्धा तेव्हा सिडनीपुरतं होतं, देशभर पसरायला १९८९ उजाडलं.

आणि व्हिसा! कॉमनवेल्थमधल्या तरुण पोरांना वर्किंग हॉलिडेवर दोन वर्षं राहता यायचं. बारमध्ये ग्लास धुवा, रात्री वाजवा. अमेरिकेत हे शक्य नव्हतं. त्यामुळे श्रोते कुठे आहेत याचा अभ्यास करून कोणी निघालं नव्हतं, दार जिथलं उघडं होतं तिथे लोक गेले. तुमच्या 'पत्ता' या म्हणण्याला म्हणून अर्धं अनुमोदन.

तिरकस

सगळे रोमँटिक झालेत म्हणून थंड पाणी ओततो. तुम्ही मोजताय ते कोण? ज्यांची नावं आज आठवतात ते. जे गेले, सहा महिने कुणाच्या तरी सोफ्यावर झोपले आणि परतीचं तिकीट काढून गुपचूप आले त्यांच्यावर धागा निघत नाही. ट्रिफिड्स 'अपयशी' म्हणायचं तर मग त्यांचं काय म्हणायचं?

बरं आणि एसी/डीसी १९७६ ला लंडनला गेले ते का वगळलं? ते अल्टरनेटिव्ह नाहीत हे मान्य, पण गेले त्याच रस्त्याने आणि पुढे जग जिंकलं. म्हणजे रस्त्यात खोट नव्हती, मालात होती असंही कोणी म्हणेल. (हलके घ्या, मलाही ट्रिफिड्स आवडतात.)

बेसूर_पण_जोरात

@तिरकस, एसी/डीसी कुठेही गेले असते तरी चाललंच असतं, तीन कॉर्ड आणि चड्डीतला गिटारवाला, त्याला कुठला श्रोता नाही म्हणेल. प्रश्न त्यांचा आहे ज्यांचं गाणं पहिल्यांदा ऐकून कळत नाही.

आता 'भलतीकडे' म्हणजे कुठे ते सांगतो. ट्रिफिड्सवर खरा जीव कोणी लावला तर बेल्जियम, हॉलंड आणि स्कँडिनेव्हियाने. त्यांचा गायक डेव्हिड मॅककोंब १९९९ ला वारला, नंतर उरलेली मंडळी २००६ मध्ये पुन्हा एकत्र वाजवायला उभी राहिली ती कुठे? ना लंडन ना पर्थ, बेल्जियममधल्या हासेल्टला! तिथल्या लोकांनी वीस वर्षं हा बँड सांभाळून ठेवला होता. गो-बिट्वीन्सचंही तेच, १९८९ ला फुटले आणि १९९६ मध्ये त्यांची गाणी लिहिणारे दोघे, फॉर्स्टर-मॅकलेनन, पुन्हा एका स्टेजवर आले ते पॅरिसमध्ये, 'लेझ ॲनरॉकुप्तिब्ल' या फ्रेंच नियतकालिकाच्या दहाव्या वाढदिवसाला. ब्रिस्बेनची दोन पोरं, राहिली लंडनमध्ये, लेबल लंडनचं, आणि आठवण काढली फ्रेंचांनी.

म्हणजे घर सोडून जिथे गेलात तिथे नाही, तर तिथून जिथे जिथे पोचता आलं तिथे. हे पर्थमध्ये बसून झालं नसतं हेही खरं. म्हणून मी 'जाऊ नये' म्हणत नाहीये, 'जिथे गेलो तिथलाच श्रोता' हा हिशेब चुकतो एवढंच म्हणतोय.

मंजिरी_के

छान चाललंय. फक्त एक फरक लक्षात ठेवू या. श्रोते शोधायला जाणं वेगळं आणि वाजवलं तर आत टाकतील म्हणून जाणं वेगळं. इराणमध्ये रॉक बँडला जाहीर वाजवायचं किंवा अल्बम काढायचा तर सरकारी सांस्कृतिक मंत्रालयाची परवानगी लागते आणि ती सहसा मिळत नाही, म्हणून तेहरानचे यलो डॉग्ज तळघरात, गच्चीवर चोरून वाजवायचे, मग २०१० च्या सुमारास ब्रुकलिनला आले आणि तिथे आश्रय मागितला. बगदादचा ॲक्रॅसिकॉडा त्याहून बिकट, युद्धातून आधी सीरिया, मग तुर्कस्तान, मग २००९ च्या सुमारास निर्वासित म्हणून अमेरिका. यांना कोणी 'करिअर मूव्ह' म्हणू नये.

आणि अशा बँडची एक वेगळीच अडचण होते, लोक गाणं ऐकायला नाही तर गोष्ट ऐकायला येतात. प्रत्येक मुलाखतीत तेहरान नाहीतर बगदाद. नवीन गाण्यात बासचा आवाज का बदलला असं कोणी विचारतच नाही हो. बरं, गोष्ट सांगितली नाही तर तेवढेही येणार नाहीत.

निशाचर

मंजिरी, शेवटच्या मुद्द्याला +१००. त्याची सौम्य आवृत्ती सेंट्सच्या बाबतीत झाली की. ब्रिस्बेनमध्ये बिएल्के-पीटरसन या क्वीन्सलंडच्या मुख्यमंत्र्याचं सरकार, पोलीस कार्यक्रम बंद पाडायचे, यांना कोणी जागा देईना म्हणून स्वतःच्या राहत्या घरात क्लब काढून वाजवायचे. १९७६ मध्ये पदरचे पैसे घालून पहिलं सिंगल छापलं आणि लंडनच्या साउंड्सने त्याला डोक्यावर घेतलं. मग ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने करार केला, हे लोक लंडनला पोचले, आणि कंपनीची अपेक्षा काय तर पंकसारखं दिसा! यांचे केस लांब, शर्ट साधे, सेफ्टी पिना वगैरे काही नाही. एक गाणं ब्रिटनमध्ये ३४ नंबरपर्यंत चढलं, टीव्हीवरच्या टॉप ऑफ द पॉप्समध्येही आले, पण पुढच्याच अल्बममध्ये यांनी ट्रम्पेट-सॅक्सोफोन घुसवला आणि पंकवाले गोंधळले. १९७८ मध्ये तो बँड तसा संपला. म्हणजे @बेसूर, इथे श्रोते मिळाले होते, पण ते एका साच्यासाठी आलेले होते, साचा मोडला की गेले.

जाता जाता, बर्थडे पार्टीबद्दल अजून एक. लंडनला गेले खरे, पण त्यांचा 'प्रेअर्स ऑन फायर' हा अल्बम रेकॉर्ड झाला मेलबर्नमध्ये! तिकडची थंडी टाळून घरी यायचे, टूर करायचे, रेकॉर्ड करायचे, परत जायचे. आणि यावेळी घरी गर्दी व्हायची, कारण आता ते 'लंडनहून आलेले' होते.

पिचका_स्पीकर

ते शेवटचं वाक्य फ्रेम करून लावा कोणीतरी. घर की मुर्गी...

कॅसेटवाला

हे कायमचं आहे. बाहेरच्यांनी शिक्का मारला की घरच्यांचे कान उघडतात. ब्रिस्बेनमध्ये २०१० ला नदीवर नवा पूल झाला, लोकांकडून नाव मागवलं आणि ठरलं गो बिट्वीन ब्रिज! त्यावर टोलही आहे. ज्या शहरात यांना वाजवायला धड जागा मिळत नव्हती तिथे आता यांच्या नावाने टोल भरतात.

शून्यवादी

मला एक कळत नाही, हे सगळे लोक घर सोडून गेले आणि गाणी केली ती घराची. का? लंडनवर का नाही केली?

बेसूर_पण_जोरात

@शून्यवादी, अरे हाच तर माझा आवडता भाग, यासाठीच धागा काढला म्हण.

गो-बिट्वीन्सचं 'कॅटल अँड केन' घे. ग्रँट मॅकलेननने ते लिहिलं लंडनमध्ये, बर्थडे पार्टीच्या गायकाबरोबर, निक केव्हबरोबर, एकाच घरात राहत असताना, आणि तेही केव्हची अकूस्टिक गिटार उचलून. बाहेर लंडन, घरात सगळे कडके, आणि गाण्यात काय तर उत्तर क्वीन्सलंडचं उसाचं रान, शाळेतून सुट्टीला घरी परतणारा पोरगा, पत्र्याचं आणि लाकडाचं घर, वारलेल्या बापाचं घड्याळ. ताल असा अडखळता की पायाने ठेका धरायला गेलात तर दरवेळी अर्धं पाऊल चुकतं, लिंडी मॉरिसनचे ड्रम्स वेगळे काढून ऐका म्हणजे कळेल, ती गाण्याला सरळ चालूच देत नाही. आणि शेवटी गाता गाता रॉबर्ट फॉर्स्टर येतो आणि चौथं कडवं चक्क बोलतो, गात नाही. ब्रिस्बेनमध्ये बसून हे सुचलं असतं का? तिथे ऊस रोजचा, त्याच्यावर काय गाणं करायचं.

ट्रिफिड्सचा 'बॉर्न सँडी डिव्होशनल' हा अल्बम तसाच, रेकॉर्ड झाला १९८५ मध्ये लंडनच्या स्टुडिओत आणि ऐकताना ऊन लागतं. कव्हरवर पर्थजवळच्या मँडुराच्या किनाऱ्याचा विमानातून काढलेला जुना फोटो. त्यांना श्रोते मिळाले की नाही यावर आपण भांडू, पण साडेचौदा हजार किमी अंतर मिळालं आणि त्या अंतराने गाणी दिली. हे कुठल्याही टूर मॅनेजरच्या वहीत लिहिलेलं नसतं.

तिरकस

मान्य. पण हे अंतर उपाशीपोटी किती दिवस सोसायचं? डेड कॅन डान्स लंडनला पोचले तेव्हा आइल ऑफ डॉग्जच्या एका सरकारी टॉवरमध्ये राहायचे, कामधंदा नाही, आणि बासवाला ऑस्ट्रेलियाला परत गेला. बँडमधले लिसा गेरार्ड आणि ब्रेंडन पेरी टिकले म्हणून आज आपण बोलतोय. बँड जातो म्हणतो आपण, पण अख्खा बँड क्वचितच पोचतो.

मंजिरी_के

चिल्सच्या मेंबरांची यादी कधी बघितलीये का? एक माणूस कायम, मार्टिन फिलिप्स, बाकी सगळे आले-गेले. परदेशी जायचं तर ड्रमरची नोकरी, बासवाल्याचं लग्न, कोणाचे आईवडील, हे सगळं एकाच वेळी जुळावं लागतं. चार जणांचे चार संसार एका व्हिसात बसत नाहीत.

डेसिबल

पॉपकॉर्न संपले, आता आजचं बोलतो कारण मी आवाजाच्या कामात आहे आणि बाहेरून मोठ्या शहरात नशीब काढायला आलेले बँड रोज बघतो.

पहिलं म्हणजे व्हिसा. अमेरिकेत बँडसाठी जो पी-१बी प्रकार आहे त्यात बँडला आंतरराष्ट्रीय ओळख आहे हे आधी दाखवावं लागतं आणि तीन चतुर्थांश मेंबर निदान वर्षभर बँडमध्ये असावे लागतात. म्हणजे ओळख मिळवायला जायचं, तर आधी ओळख दाखवा! एप्रिल २०२४ मध्ये त्या अर्जाची मूळ फी ४६० डॉलरवरून १०१५ झाली, छोट्या अर्जदारांना थोडी सूट आहे, वकील वेगळा. ब्रिटनमध्ये ऑस्ट्रेलियन पोरांना अजून सोपं आहे, २०२४ पासून ३५ वर्षं वयापर्यंतच्यांना तीन वर्षं राहता येतं, पण आता तिथून युरोपात व्हॅन काढायची तर १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहेच, वर ब्रेक्झिटनंतर गाडीभर सामानाला कार्नेची, म्हणजे सामान परत आणणार अशा कस्टमच्या कागदाची, भानगड. म्हणजे बेसूर म्हणतात तो 'लंडनमध्ये राहून बेल्जियम जिंकायचा' रस्ता आज अर्धा बंद आहे. त्यापेक्षा थेट बर्लिन बरं, तिथे कलाकाराला फ्रीलान्सचा परवाना मिळू शकतो आणि कलाकारांसाठीची सरकारी विमा व्यवस्था १९८३ पासून आहे, त्यात कलाकाराला निम्माच हप्ता भरावा लागतो.

दुसरं, प्रत्यक्ष काय होतं ते सांगतो. एका रात्री पाच बँड. प्रत्येकाला पंचवीस मिनिटं. ड्रमसेट आणि अँप क्लबचे, ड्रमरने स्वतःचा स्नेअर, सिंबल आणि पेडल आणायचं. साउंडचेक फक्त शेवटच्या बँडला, बाकीच्यांना लाइन चेक, म्हणजे 'किक वाजव, ओके, गिटार, ओके, चला'. ऐकायला कोण, तर उरलेल्या चार बँडांतली पोरं आणि त्यांच्या मैत्रिणी. आपला सेट झाला की आपली गँग निघून जाते आणि पाचव्या बँडला मी आणि बारवाला. काही प्रमोटर तर वर तिकिटं विकून द्यायला लावतात, इतकी खपली नाहीत तर फरक तुम्ही भरा. ज्या बँडला त्या शहरात एकही मित्र नाही तो तिकिटं कोणाला विकणार? परदेशातून आलेल्या बँडचा निकाल इथेच लागतो, गाणं चांगलं-वाईट हा मुद्दा फार नंतर येतो.

कॅसेटवाला

@डेसिबल, दंडवत. आणि ते पेपरही गेले आता. साउंड्स १९९१ ला बंद, मेलडी मेकर २००० ला एनएमईत विरघळला, एनएमईचा छापील साप्ताहिक अंक मार्च २०१८ ला संपला. पील २००४ ला वारला. ज्या यंत्रणेसाठी लोक लंडनला यायचे ती यंत्रणाच उरली नाही, शहर फक्त महाग झालं.

पिचका_स्पीकर

मग आता जायचंच कशाला? मोल्चात दोमा बघा. मिन्स्कचे तिघं, रशियन भाषेत थंडगार पोस्ट-पंक, २०१८ चा अल्बम बर्लिनच्या एका छोट्या लेबलने काढला, कोणीतरी यूट्यूबवर चढवला आणि लाखो लोकांनी ऐकला, २०२० मध्ये टिकटॉकवर एक गाणं पसरलं. घरी बसून! लॉस एंजेलिसला ते नंतर गेले, म्हणजे आधी श्रोते आणि मग सामान बांधलं. उलटा क्रम.

निशाचर

हो पण उलटा क्रम हा लॉटरीचा क्रम आहे राव. आणि बेलारूसमध्ये राहणं कठीण होत गेलं तो भाग सोडून कसं चालेल.

मला लोस बुंकेर्सचं उदाहरण जास्त पटतं. चिलीतल्या कॉन्सेप्सियोनचा बँड, घरी चांगलं नाव, पण देश केवढासा. हे लोक मेक्सिकोला राहायला गेले. भाषा तीच, लोकसंख्या कितीतरी पट, बीबे लातिनोसारखा संगीताचा भलाथोरला फेस्टिव्हल तिथलाच. २०१० मध्ये क्यूबन गायक सिल्व्हियो रोद्रिगेसची गाणी रॉकमध्ये केली, प्रोड्यूसर काफे ताकूबा या मेक्सिकन बँडचा. म्हणजे श्रोते शोधायचे तर लंडन-न्यूयॉर्ककडेच तोंड का करायचं, आपल्या भाषेचा मोठा बाजार शेजारी असेल तर तिकडे जा.

बेसूर_पण_जोरात

@निशाचर, लोस बुंकेर्स मला आधी सुचायला हवे होते इतके चपखल आहेत, पण ते माझ्या बाजूचे की विरुद्ध हे ठरेना. ते जिथे गेले तिथलाच श्रोता त्यांना मिळाला, तेव्हा बहुतेक विरुद्धच. फक्त भाषा एक असल्यामुळे त्यांना 'चिलीची गोष्ट' सांगत बसावं लागलं नाही, मंजिरी म्हणते ती अडचणच आली नाही. ट्रिफिड्सचीही भाषा इंग्रजीच, तरी लंडनच्या पेपरांनी त्यांना वाळवंटातून आलेली माणसंच करून टाकलं होतं. म्हणजे भाषा एक असून भागत नाही, तुमच्याकडे नमुना म्हणून बघणारे किती आणि शेजारी म्हणून बघणारे किती यावर जातं.

@डेसिबल, तुमच्या त्या पाच बँडांच्या रात्रीबद्दल एक विचारायचंय. बाहेरून आलेले बँड एकमेकांची तिकिटं विकत नाहीत का? म्हणजे दोन-तीन परदेशी बँडांनी मिळून एक रात्र घेतली तर?

डेसिबल

करतात की. जे टिकतात ते हेच करतात. ब्राझीलचे, पोलंडचे आणि कुठलेकुठले असे तीन बँड मिळून महिन्याची एक रात्र चालवतात आमच्याकडे. पहिल्या रात्री एकमेकांनाच वाजवून दाखवलं, आता दारावर थोडी रांग असते. रांगेत त्या त्या देशाचे लोक आधी येतात, मग त्यांचे ऑफिसातले मित्र. प्रमोटर नाही, दाराचे पैसे तिघांत सारखे वाटतात, ड्रमसेट ब्राझीलवाल्यांचा. भांडणं फक्त शेवटी कोण वाजवणार यावरून होतात.

तिरकस

शेवटी वाजवायची हौस आहे म्हणजे पाचव्या बँडला तुम्ही आणि बारवाला हा प्रकार तिथे होत नसावा. बरं चाललंय म्हणायचं मग.

शून्यवादी

'कॅटल अँड केन' ऐकलं. ठेका खरंच धरता येत नाही, तीनदा प्रयत्न केला. आता ट्रिफिड्स लावतो, कुठून सुरू करू?

कॅसेटवाला

'वाइड ओपन रोड'. मग 'इन द पाइन्स' हा अल्बम, तो त्यांनी १९८६ मध्ये घरी आल्यावर मेंढ्यांची लोकर कापायच्या शेडमध्ये आठ ट्रॅकवर रेकॉर्ड केला. हेडफोन लावून ऐक.